तिघांचे दोन कोयते

मांजरसुंब्याच्या चौकात माझं दुकान आहे. लाकूड कापायच्या मशिनी, गवत कापायच्या मशिनी, फवारणीचे पंप, जे पेट्रोलवर चालतं आणि हातात धरता येतं ते सगळं माझ्याकडं दुरुस्तीला येतं. हल्ली पोरं मोबाइलवर बोट लावून मशीन मागवतात, महिनाभर दामटतात आणि बंद पडली की पोत्यात घालून माझ्यासमोर आणून आदळतात. मी शिव्या देतो, ते हसतात, आणि मग कुणीतरी हमखास विचारतं, "काका, हे तुमी शिकलात कुठं?" मी म्हणतो, भावामुळं. एवढंच सांगतो. गिऱ्हाईक उभं असताना पुढचं सांगता येत नाही, आणि सांगायला लागलो तर माझा आवाज चढतो. म्हणून ते इथं लिहून ठेवतो.

आमची वाडी चौकापासून पायी जाण्याइतकी जवळ, डोंगराच्या कडेला. घरात माय, मोठा भाऊ रामा, ज्याला मी दादा म्हणतो, आणि मी. वडील मी लहान असतानाच गेले. त्यांचा चेहरा मला नीट आठवत नाही, खोकला आठवतो. दसरा झाला की वाडी रिकामी व्हायची. भांडीकुंडी, शेळ्या, पोरं, सगळं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भरून माणसं ऊसतोडीला निघायची, ती उन्हाळा लागल्यावर परतायची. ज्यांनी हे पाहिलं नाही त्यांना एक सांगितलं पाहिजे. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. टोळीत कोयता म्हणजे जोडी, नवरा आणि बायको. एकानं वाकून बुडातून ऊस तोडायचा, दुसऱ्यानं त्याचं पाचट काढायचं, मोळी बांधायची, आणि मग दोघांनी मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. टोळी जमवणारा मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. जोडी नसेल तर माणूस कितीही तगडा असो, तो अर्धा. वडील गेल्यावर माय अशी अर्धी झाली, आणि तिचा कोयता पुरा करायला दादाला शाळेतून काढलं. मिसरूड फुटायच्या आधी तो मायचा जोडीदार झाला. मला मात्र चौकातल्या गॅरेजवाल्याकडं ठेवलं. मी पाने-पक्कड हातात धरायला शिकलो तो दादानं ऊस तोडला म्हणून, हे मी कधी नाकारलं नाही. ते उपकार मी मानत नसतो तर जे झालं ते एवढं लागलंही नसतं.

ऊसतोडीहून परतल्यावर मायचे पहिले काही दिवस अंथरुणात जायचे. ती जमिनीवर पालथी पडायची आणि मला पाठीवर उभं राहायला सांगायची. "दे पाय, भिऊ नको," म्हणायची. मी मोठा झालो, वजन वाढलं, तरी तिचं तेच. उठताना ती आधी गुडघ्यावर यायची, मग दाराची चौकट धरायची आणि मग हळूहळू वर यायची. पूर्ण सरळ अशी ती मला त्या वर्षांत क्वचितच दिसली. पण चुलीपुढं बसली की तिचा हात झपाझप चालायचा. बाजरीची भाकरी तव्यावर टाकल्याचा चट्कन आवाज, भाजलेल्या डाळी-मसाल्याचा येसर टाकलेल्या आमटीची उकळी, आणि ती नाकातल्या नाकात काहीतरी गुणगुणायची. येसर आता पाकिटात मिळतो. बायकोनं एकदा आणला होता. मी खाल्ला, पण तो नव्हे.

अशाच एका जेवणात दादानं विषय काढला. त्या हंगामात त्यानं कारखान्याच्या रस्त्यावर एक माणूस साखळीच्या मशिनीनं पडलेलं झाड कापताना पाहिला होता. तो हातवारे करून सांगत होता, तोंडातला घास तोंडातच. "दिग्या, नुसती टेकवली की लाकूड दोन तुकडे. बाभूळ बे, बाभूळ! आन ऊस म्हंजी काय तिच्यापुढं? गवत." मग त्यानं आवाज उतरवला, कारण माय पाणी आणायला दारापर्यंतच गेली होती. "तू तसली मशीन कर. येक मानूस आन मशीन, असा कोयता भरंल. मुकादमाला मी सांगतो. मायला घरी ठिवू." माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी आमटी तिखट आहे म्हणून खपवलं.

परळीला भंगाराची मोठी दुकानं. वीज केंद्राच्या राखेनं सगळं पांढुरकं झालेलं, पत्र्यावर, केळीच्या पानावर, भंगारवाल्या चाचाच्या दाढीवर राख. त्याच्याकडं बंद पडलेल्या तीन मशिनी होत्या. दादाची नजर गेली ती थेट सगळ्यात मोठीवर. नारंगी रंग शाबूत, पट्टी लांबलचक. "हीच," तो म्हणाला. चाचाही म्हणाला, "इसमें तो शेर का दम है, भाई." मी त्या वयात फारसा बोलत नसे, पण मशिनीच्या बाबतीत मला कुणाची भीड वाटत नव्हती. प्रत्येक मशिनीची दोरीची मूठ धरली आणि मशीन लोंबकळत सोडली. शेर दोरीवरून सर्रकन खाली गेला, म्हणजे आत दमच नाही, पिस्टन खाल्लेला. दुसरीचंही तेच. तिसरी लहान, रंग उडालेली, झाकण तारेनं बांधलेलं. ती झटके देत, थांबत थांबत, नखरे करत खाली उतरली. तिचा सायलेन्सर खोलून भोकातून आत पाहिलं, पिस्टनवर एकही उभा ओरखडा नव्हता. "ही," मी म्हणालो. दादा हिरमुसला. परतताना एसटीत ती मशीन त्यानं मांडीवर घेतली होती खरी, पण सारखं म्हणत होता, "लोक हसतील बे. कोंबडीएवढी हाय."

मशीन निवडताना हेच मी आजही सांगतो. रंग बघू नका, लांबी बघू नका, दोरीला टांगून बघा. माणसं अशी टांगून बघता येत नाहीत.

गॅरेजचं काम संपलं की मी तिच्यामागं लागायचो. कार्बोरेटरमधला पातळ रबरी पडदा वाळून पापडासारखा झाला होता, तो बदलला. पेट्रोलची नळी चिरलेली होती, तिथं मोपेडची बसवली. हवेच्या जाळीत राख आणि लाकडाचा भुसा मिळून सिमेंट झालेलं, ते केरोसीनमध्ये भिजवून सुईनं काढलं. साखळीचे दात कुणी तरी दगडावर घासल्यासारखे बोथट होते. गोल कानस घेऊन एकेक दाताला धार लावली. डाव्या बाजूचे दात आणि उजव्या बाजूचे दात सारखे नसले तर मशीन सरळ कापत नाही, एका अंगाला ओढते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चार लाकडं तिरकी कापल्यावर कळलं. पहिल्यांदा ती सुरू झाली तेव्हा गल्लीतली सगळी कुत्री भुंकत आली. माय पिठाचे हात घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "बया! गिरणी आनली की काय घरात?"

मग आम्ही ती उसाला लावली, आणि आमची जी फजिती झाली ती सांगताना मला अजून हसू येतं. शेजाऱ्याच्या विहिरीजवळ थोडासा ऊस होता, त्यानं एका सरीवर प्रयोग करायला परवानगी दिली. दादानं ऐटीत मशीन टेकवली. ऊस कापला, नाही असं नाही, पण त्याचे धागे साखळीत गुंतले, साखळीतून आतल्या चाकावर गेले आणि चाकाला शेंडीसारखे वेटोळे बसले. वर रस उडाला तो तापलेल्या पट्टीवर पडून आटला. गुऱ्हाळावर येतो तसा वास सुटला आणि साखळी काकवीत बसून गच्च झाली. दादा म्हणाला, "ही मशीन हाय का कढई?" सकाळी उठून पाहतो तर मशिनीत मुंग्यांची जत्रा भरलेली. लाकूड आणि ऊस यांतला फरक मुंग्यांना कळतो, आम्हाला कळला नव्हता.

साखळी उसात चालणार नाही हे मान्य करायला मला काही दिवस लागले. मग मी पट्टी आणि साखळी काढूनच टाकली. फक्त इंजिन ठेवलं. भंगारातला लोखंडी पाइप घेतला, त्याच्यातून एक सळई ओवली, सळईचं एक टोक इंजिनच्या क्लचला आणि दुसऱ्या टोकाला फरशी कापायच्या ग्राइंडरचं डोकं. त्या डोक्यात काटकोनात फिरवणारे दाते असतात. त्याला सुताराच्या करवतीचं गोल पातं बसवलं. पाइपला मधोमध सायकलचं हँडल आडवं वेल्ड केलं, आणि गळ्यात अडकवायला गोणपाटाचा पट्टा. इंजिन कमरेशी, पातं जमिनीशी, माणूस उभा. पहिल्या दोन सळया थरथरून वाकल्या, तिसरी टिकली. आता अशा मशिनी तयार मिळतात, रंगीत खोक्यात येतात. तेव्हा आमच्या भागात मी तरी पाहिली नव्हती.

त्याच विहिरीजवळ पुन्हा गेलो, या वेळी मायला घेऊन. दादा उभ्यानं सरीत शिरला आणि ऊस बुडातून तुटून एका अंगाला पडत गेला, पत्त्यांसारखा. मायनं पदर तोंडाला लावला होता. मग म्हणाली, "आन हिकडं." दादा नको म्हणत होता, पण मी पट्टा काढून तिच्या गळ्यात घातला, तिचे हात हँडलवर ठेवले. ती चालत गेली. माझी माय उसात ताठ उभी राहून चालत होती. सरीच्या शेवटाला पोचल्यावर तिनं मागं वळून पाहिलं आणि लहान पोरीसारखी हसली. आयुष्यात मी हजारो मशिनी दुरुस्त केल्या असतील, पण माझ्या हातांचं मला कौतुक वाटलं ते त्या एका सरीपुरतं. दादानं मशीन तिच्याकडून घेतली. "बायांनी धरायची न्हाई ही, हात थरथरत्यात," म्हणाला. तिनं खाली पडलेल्या उसाकडं पाहिलं. "आन ह्ये उचलायचं कुनी? मोळ्या कुनी बांधायच्या?" दादा लगेच म्हणाला, "त्याला मुकादम मानूस दील की. तू घरी बस, शेळ्या राख." हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. नंतर तो म्हणायला लागला की आपण असं बोललोच नाही, म्हणून मुद्दाम लिहितो.

दसऱ्याच्या आधी मुकादम गॅरेजवर आला. त्याच्या मोटारसायकलीचं चाक डगमगत होतं. मी खाली बसून चाक खोलत होतो आणि तो वरून माझं कौतुक करत होता.

"लई डोकं हाय बे तुझं, दिगंबर. तिघा मानसांत दोन कोयते! माझ्या आख्ख्या टोळीत असं कुनाचं न्हाई."

"तिघं कोन?" मी विचारलं.

"कोन म्हंजी? तुझा दादा मशीन चालवनार. तुजी माय आन तू मागून मोळ्या बांधनार. तुझा दादा परवाच शबूद देऊन गेला की."

मी पाना खाली ठेवला. म्हणालो, "माय येनार न्हाई यंदा. तुमी मोळ्याला मानूस देनार व्हता."

मुकादम मोठ्यानं हसला. त्याला खरंच गंमत वाटली होती. "मी कावून दिऊ? तसं कुनी बोललंच न्हाई माझ्यापाशी. तुझा दादाच म्हनला, माय हाय की घरची."

ते चाक मी कसं बसवलं मला आठवत नाही. घरी आलो तर चुलीपुढं दादा जेवत होता, माय भाकरी थापत होती. रोजच्यासारखंच सगळं. मी उंबऱ्यातच उभा राहिलो.

"दादा, मुकादम भेटलता."

त्यानं मान वर केली नाही. "मग कळलंच आसंल."

"तू म्हनलतास, मायला घरी ठिवू."

"ठिवू की. फुडच्या वर्साला."

"ह्या वर्साचं ठरलंतं. त्याच्यासाठीच केली ना मशीन?"

आता त्यानं ताट बाजूला सारलं. "मला काय जल्मभर ऊसच तोडायचा हाय का, दिग्या? मुकादम म्हनला, दोन कोयते आन मशीन घिऊन ये, फुडल्या हंगामाला तुला तुझी टोळी लावून देतो. मी मुकादम झालो तर मायनं कशाला जायचं उसात? तुला येवढं कळंना व्हय?"

"आन मला कावून न्हाई सांगितलं?"

"सांगितलं असतं तर केली असतीस का मशीन?"

हे त्यानं अगदी सहज विचारलं. म्हणजे परळीला जाताना, चाचाच्या दुकानात, एसटीत ती मशीन मांडीवर घेऊन बसला होता तेव्हाही त्याच्या मनात हेच होतं. मी मायकडं पाहिलं. ती भाकरी उलटत होती, मान खाली. मी म्हणालो, "माय, तू सांग त्याला." ती म्हणाली, "त्याचं लगीन व्हायचंय. टोळी मिळाली तर चार लोक पोरगी देत्यान. तू हात धू, जेव." म्हणजे तिला ठाऊक होतं. मुकादमाला ठाऊक होतं, मायला ठाऊक होतं, मशीन ज्यानं केली त्याला तेवढं ठाऊक नव्हतं. मी जेवलो नाही. गोठ्यात गेलो, मशिनीचा प्लग काढला आणि खिशात घातला. प्लगशिवाय ती लोखंडाचा गोळा. थोड्या वेळानं माय आली आणि तिनं हात पुढं केला. तिचा तळहात पिठानं पांढरा झाला होता. मी प्लग त्याच्यावर ठेवला. तिच्या हाताला नाही म्हणणं मला जमलं नाही.

लोक म्हणतात, एवढं काय त्यात, घरोघर असंच असतं. असेल. दादा पुढं खरंच मुकादम झाला. आता म्हातारा झालाय, चौकात आला की दुकानावर टेकतो, चहा पितो, गुडघे दुखतात म्हणतो. मी चहा पाजतो. त्याच्या नातवाची मशीन मी फुकट दुरुस्त करून दिली आहे. पण मला त्याचा राग आला होता तो अजून आहे, आणि आता या वयात तो गेलाच पाहिजे असं मला वाटतही नाही.

माय एकटी दोन कोयत्यांच्या मोळ्या कशी बांधणार, म्हणून मीही गॅरेज सोडलं आणि ट्रॉलीत बसून आम्ही तिघं गेलो. उसाच्या फडाबाहेर पाचटाच्या खोपी बांधल्या, आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर काम सुरू झालं. टोळीतली माणसं मशीन बघायला जमली. दादा गळ्यात पट्टा घालून उभा होता, डोक्याला लाल उपरणं, मुकादमच वाटत होता. दोरी ओढली, पातं फिरलं, आणि तो चालायला लागला. कोयत्यानं तोडणारा माणूस दमतो, कंबर मोडून उभा राहतो, पाणी पितो. तेवढ्या वेळात त्याच्या मागची बाई मोळी आवळून घेते. मशीन दमत नव्हती. दादा उभ्यानं चालत होता आणि ऊस पडत होता, आणि पडलेला ऊस जमिनीवर असतो. तो उचलायला वाकावंच लागतं, पाचट काढायला वाकावं लागतं, मोळी आवळायला गुडघा देऊन वाकावं लागतं. दोन कोयत्यांचा ऊस मायच्या आणि माझ्या पुढ्यात येऊन पडत होता. मी तरणा होतो, तरी ऊन वर यायच्या आत माझ्या पाठीत कळ निघाली. माय बाजूच्या सरीत होती. ती वर येईचना. एक मोळी बांधून दुसरीकडं जाताना लोक निदान सरळ होतात. ती तशीच, वाकलेल्या वाकलेली, सरकत होती.

तिनं हाक मारली. "रामा, जरा दमानं रं!" दादाला इंजिनाच्या आवाजात ऐकू गेलं नाही. तिनं पुन्हा हाक मारली, तोंडाशी हात धरून. तो पुढं पुढं जात राहिला. मग तिनं हाका मारायचं सोडून दिलं आणि गुडघ्यावर बसली. मी मोळी टाकली, पडलेल्या उसावरून धावत गेलो आणि मागून हात घालून मशिनीचं बटण बंद केलं. फडात एकदम शांत झालं. दूरवर दुसऱ्यांच्या कोयत्यांचे आवाज ऐकू यायला लागले.

"बंद कावून केली बे?" दादा वळला.

"मागं बघ," मी म्हणालो.

त्यानं बघितलं. नीट बघितलं, उन्हाला हात आडवा धरून. माय दोन्ही हात जमिनीला टेकून बसली होती, आणि तिच्या पुढं, मागं, सगळीकडं त्यानं पाडलेला ऊस होता. ती आमच्याकडंच बघत होती. मला वाटलं, आता तरी तो पट्टा गळ्यातून काढेल. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, म्हणाला, "सांच्याला तेल लावून दे तिच्या पाठीला," आणि दोरी ओढली. मशीन पहिल्याच ओढीला सुरू झाली. इतकी चांगली दुरुस्त केली होती मी ती.